पाटी टेलरची, टायपिंग नाटकाचं

नागपूरच्या बर्डीत झाशी राणी चौकातून पंचशील चौकाकडे जाताना एक गल्ली आत वळते. गल्लीत तिसरं शटर. वरच्या पाटीवर अजून आधीच्या टेलरचं नाव आहे, बाजूला कात्रीचं चित्र, आणि कात्रीच्या खाली फ्लेक्सच्या एका तुकड्यावर ‘मराठी हिंदी टायपिंग झेरॉक्स स्पायरल’ एवढंच. दुकानाला स्वतःचं नाव नाही. इतक्या वर्षांत ठेवलं नाही, आता काय ठेवणार. आम्हा नाटकवाल्यांत त्याला ‘टेलर’च म्हणतात. “संहिता टेलरकडे दिली” असं कुणी बोललं की नव्या पोरांना वाटतं, कपडेपटाचं बोलणं चाललंय.

मी गेली बावीस वर्षं नाटकं लिहिते. दिवसा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तीन दोन-अंकी नाटकं, अकरा एकांकिका आणि एक बालनाट्य, जे मी मोजत नाही. त्यातली मागची सहा कामं या दुकानातून करून घेतली. दरवर्षी गणपती उठले की मला चार-पाच फोन येतात, “मॅडम, संहिता टाइप कुठे करायची?” दरवेळी तोच पत्ता सांगायचा, वर सावधगिरीच्या सूचना द्यायच्या. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी पैसे, कारण पहिला प्रश्न तोच असतो. ए-फोरच्या एका पानाला ३५ रुपये टायपिंग. त्यात एक दुरुस्ती धरलेली आहे. दुसऱ्यांदा लाल पेन मारून नेलंत तर दुरुस्तीच्या पानाला ५ रुपये. झेरॉक्स दीड रुपया, स्पायरल ४०. माझं मागचं नाटक ८४ पानांचं झालं. टायपिंगचे २९४०, आणि सात प्रती झेरॉक्स-स्पायरलसकट ११६२. एकूण ४१०२. भाऊंनी वरचे दोन सोडले. त्या नाटकाच्या प्रयोगाला मंडळानं मला शाल, नारळ आणि पाकिटात १००१ रुपये दिले. असे हिशेब मांडू नयेत. मी मांडला होता, नवऱ्यानं वहीत पाहिला, काही बोलला नाही, आत जाऊन चहा करून आणला.

भाऊ म्हणजे दुकानाचे मालक. झेरॉक्स, स्पायरल आणि गल्ला त्यांच्याकडे. टायपिंग त्यांची बायको करते. तिला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असली तरी मीही म्हणते. संध्याकाळी त्यांची पोरगी कॉलेजातून येते आणि पीडीएफ, ई-मेल असली कामं करते. पहिल्यांदा गेले तेव्हा भाऊंनी मान वर न करता विचारलं होतं, “कोर्टाचं का नाटकाचं?” आपल्याकडे हायकोर्टाचं खंडपीठ आहे, त्यामुळे शहरातल्या अर्ध्या टायपिंगवाल्यांचा हात लीगल कागदावर बसलेला. अशा हाताला नाटक दिलं की पात्राच्या नावापुढे ‘यांस’ लागतं की काय, अशी भीती वाटते. मी नाटकाचं म्हटल्यावर भाऊंनी बोटानं आतलं मशिन दाखवलं. “मग तिच्याकडे.”

संहितेच्या पानाला गरजा असतात, आणि त्या बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाहीत. डावीकडे दीड इंच कोरं हवं. तिथे स्पायरलची भोकं येतात आणि उरलेल्या जागेत दिग्दर्शक हालचाली लिहितो. छपाई एकाच बाजूनं. मागच्या कोऱ्या पानावर नेपथ्याचा नकाशा, चहाचा हिशेब आणि तालमीला न आलेल्यांची नावं येतात. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, कारण प्रॉम्प्टर विंगेत मोबाईलची बॅटरी दातात धरून वाचत असतो. पात्राचं नाव ठळक, संवाद त्याच्यापासून सरळ रेषेत खाली. रंगसूचना कंसात, पण तिरप्या अक्षरात अजिबात नाही. देवनागरी तिरपी केली की वाऱ्यानं झोपलेल्या गव्हासारखी दिसते. ताई रंगसूचना दोन पॉइंट बारीक करते, कंस टाकते, झालं. आणि संवाद मध्येच तुटून पुढच्या पानावर जाणार असेल तर ती पूर्ण संवाद खाली ढकलते. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. म्हणाली, “एका सरांनी तालीम पाहाले बोलावलं होतं. पान उलटवता उलटवता त्या पोरीचं रडणंच अडकून राहिलं. तवापासून मीच ठरवलं.”

एवढ्या एका गोष्टीसाठी मी बजाजनगरातल्या एसीवाल्या दुकानात जाणं सोडलं.

फॉन्टचा किस्सा थोडक्यात सांगते, कारण जुन्या फायली घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत. माझी पहिली दोन नाटकं युनिकोड या सगळीकडे सारख्या चालणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच आकडे, वर मराठीचं चित्र चढवलेलं. त्यात ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. रफाराचं याच्या बरोब्बर उलट. दुसऱ्या एका ठिकाणी मी फाईल बदलून घेतली तेव्हा नाटकातल्या मिथिलाची पहिली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी लटकली आणि उरलेल्या बाईची ‘मिथला’ झाली. अर्चनाची ‘अचर्ना’. ‘दुसऱ्या अंका’चा ‘दुसर्या अंक’. तशी एक प्रत मी एका स्पर्धेला पाठवूनही दिली होती, तारीख संपत होती म्हणून. परीक्षकांनी मिथिलाच्या घराण्याविषयी काय समज करून घेतला असेल देव जाणे. टेलरकडे पोरीनं ‘शोधा आणि बदला’ लावून शंभरेक ठिकाणं एका फटक्यात सरळ केली आणि उरलेलं ताईनं ओळीनं वाचून काढलं. दोन दिवस लागले. शिवाय पोरगी पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवून देते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटरवर अक्षरांऐवजी चौकोन उमटत नाहीत. हे काम इतर ठिकाणीही होतं, पण न सांगता होत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ताई मराठी टायपिंग जुन्या लोखंडी मशिनवर शिकली, चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास. त्या मशिनवर चूक झाली की खोडायची पंचाईत. त्यामुळे तिच्या हाताला सवय अशी, की आधी पूर्ण वाक्य वाचायचं आणि मगच बोट उचलायचं. आजची पोरं पाहात पाहात टाइप करतात, शब्द डोळ्यांतून आत जातो आणि बोटांतून बाहेर, मध्ये कुठे थांबत नाही. ताईकडे तो मध्ये थांबतो. आणि वाचताना ती पुटपुटते. ओठ हलतात, अर्धा आवाज बाहेर येतो. म्हणजे माझं नाटक पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं जातं ते कुठल्याही सभागृहात नाही, टेलरच्या पाटीखाली, झेरॉक्सच्या घरघरीत.

शेजारी प्लॅस्टिकचा स्टूल आहे, एक पाय आखूड असलेला. त्यावर बसायची तयारी असेल तरच या दुकानाचा खरा फायदा. वही देऊन घरी गेलात तर टायपिंग मिळेल, चांगलं मिळेल, पण एवढंच मिळेल.

माझं मागचं नाटक काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेचं आहे. दोन भाऊ, एक बहीण, म्हातारा बाप, बाग विकायची की नाही. बाप पहिल्या अंकात जवळजवळ मुका. दुसऱ्या अंकात, बयाणा घेऊन व्यापारी दारात येतो तेव्हा, मी त्याला तीन पानांचं भाषण दिलं होतं. मृग बहार, आंबिया बहार, आजोबांनी खणलेली विहीर, सगळं. लिहिताना मी रडले होते, त्यामुळे माझी खात्री होती. ताईनं ती तीन पानं टाइप केली, पुटपुटत, आणि मशिनवरून हात काढून पाण्याची बाटली उघडली.

“मॅडम, हा बुढा इतका काऊन बोलून राहिला?”

मी म्हटलं, त्याच्या मनात इतक्या वर्षांचं साचलंय.

“साचलं असन. पण काटोलचा माणूस बाग इकताना इतकं बोलत नसते. तो भाव इचारते, आन् गप बसते.”

मी घरी आले. रात्री वरणाला फोडणी देताना ते वाक्य परत ऐकू आलं. तीन पानांच्या जागी चार ओळी राहिल्या. बाप भाव विचारतो. व्यापारी सांगतो. बाप म्हणतो, “हं.” मग बैलाला पाणी दाखवायला निघून जातो. प्रयोगात त्या ‘हं’नंतर सायंटिफिक सभागृहात कुणीतरी खोकलं, ते मला शेवटच्या रांगेत ऐकू आलं, इतकी शांतता होती. कापलेल्या तीन पानांचे १०५ रुपये मी भाऊंना दिले. ते घेत नव्हते. मी म्हटलं, घ्या, याहून स्वस्तात कुणी मला शिकवलेलं नाही.

आता आमची वाचनं आठवा. नव्या नाटकाचं वाचन म्हणजे कुणाच्या तरी लक्ष्मीनगरातल्या दिवाणखान्यात रविवारी संध्याकाळी अकरा माणसं. त्यातले तीन घरचे. दोघं उशिरा येतात आणि पहिला अंक कळला नाही म्हणतात. एक ज्येष्ठ डोळे मिटून ऐकतात, आणि पोह्यांच्या वासानं डोळे उघडतात. मग मतं. “छान झालंय, थोडं घट्ट करा.” “दुसरा अंक जरा उचलायला हवा.” “शेवट आशावादी करता येईल का?” मी हे सगळं वहीत लिहून घेते, बावीस वर्षांच्या वह्या आहेत. घट्ट करा हे त्यांत एकोणीस वेळा आलंय. कोणती ओळ सैल आहे ते एकदाही नाही. मी स्वतःही दुसऱ्यांच्या वाचनाला हेच बोलते, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. कांदेपोहे खाऊन झालेल्या माणसाला खरं बोलता येत नाही. ताईला येतं, कारण तिला पानामागे ३५ रुपये मिळतात आणि तिला माझ्याकडून पुढच्या रविवारी काही वाचून दाखवायचं नसतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत ९९ वं नाट्यसंमेलन इथे रेशीमबागेत झालं, प्रेमानंद गज्वी अध्यक्ष होते. तेव्हा मी पर्समध्ये दोन स्पायरल प्रती घेऊन सुरेश भट सभागृहाच्या आवारात तीन दिवस हिंडले होते. मुंबईचा एखादा निर्माता दिसला की हात पर्सकडे जायचा आणि परत यायचा. शेवटी एकाला दिली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि त्यानंतर त्या प्रतीचं काय झालं ते आजतागायत मला कळलेलं नाही. ताईनं मात्र त्या प्रतीचं मुखपृष्ठ फुकट करून दिलं होतं, पिवळ्या कार्डशीटवर. “मुंबईचे लोक पिवळं इसरत नाई.” विसरले.

आता तक्रारी. कौतुक एवढं केलं म्हणजे ओळखीचे आहेत असं वाटेल, तर आहेत, पण तक्रारी खऱ्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी. ताई वऱ्हाडी दुरुस्त करते. माझ्या नाटकातली अर्धी माणसं ‘डोये’ म्हणतात, ‘केयी’ खातात, ‘मले’ आणि ‘तुले’ बोलतात. टाइप होऊन येतं तेव्हा ‘डोळे’, ‘केळी’, ‘मला’, ‘तुला’. पहिल्या वेळी मला वाटलं कॉम्प्युटरचं काम. कारण तो शब्दांखाली लाल नागमोडी रेघ मारतो, वऱ्हाडी संवादाचं पान गोवर उठल्यासारखं दिसतं. पण कॉम्प्युटर रेघ मारतो, शब्द बदलत नाही. बदलत ताई होती. आणि ही ताई स्वतः अकोल्याकडची, दिवसभर भाऊंशी ‘काहाले’ आणि ‘काऊन’शिवाय बोलत नाही. मी जरा चिडूनच विचारलं. ती खाली पाहून म्हणाली, “कागदावर असं लिहिलं तं लोक हासतीन ना मॅडम. टायपिंगच्या क्लासमंदी सर पट्टी मारे.”

मला पुढचं काही बोलता आलं नाही. ज्या भाषेत तिनं माझ्या नाटकातला बाप सुधारला, ती भाषा तिच्या मते छापायची नव्हती. मी तिला सांगितलं की नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे जी संहिता जाते तीच अधिकृत, त्या प्रतीत ‘डोळे’ असतील आणि रंगमंचावर ‘डोये’ आले तर उद्या कुणी बोट ठेवील. कायद्याचं नाव काढलं तेव्हा तिनं ऐकलं. तरी आजही प्रत्येक नाटकात पाच-सात ‘डोळे’ निसटतात. म्हणून माझी सूचना, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: भाषा जशीच्या तशी. आणि टाइप झाल्यावर फक्त त्यासाठी एकदा वाचा. हे झाडीबोलीवाल्यांनी, हलबी लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच करावं.

झाडीवरून आठवलं. पोळ्यानंतर गेलात तर स्टुलावर एक गृहस्थ बसलेले दिसतील, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पायाशी कापडी पिशवी. झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटक कंपन्यांचे लेखक आहेत, वडशाकडचे. त्यांचं काम दिवाळीआधी पुरं व्हावं लागतं, कारण दिवाळीनंतर तिकडे कंपन्यांचा हंगाम लागतो आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती असल्या तर विचारायलाच नको. हे गृहस्थ वही आणत नाहीत. बोलतात, ताई टाइप करते. गाणी चालीत म्हणून दाखवतात, तेव्हा भाऊ झेरॉक्स बंद ठेवतात. एकदा मी विचारलं, यंदा किती प्रयोग होतील. त्यांनी आकडा सांगितला आणि मला विचारलं, तुमचे? मी म्हटलं, एक. स्पर्धेतला. फेरीत निघालं तर दोन. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि भाऊंना माझ्यासाठीही चहा सांगायला लावला. पैसे त्यांनीच दिले. व्यवसाय करणारा लेखक हौशी लेखिकेला चहा पाजतो, हे मला रास्त वाटलं.

दुसरी तक्रार शिक्क्याची. शेवटच्या पानाच्या तळाशी भाऊ दुकानाचा शिक्का मारतात, मोबाईल नंबरसकट. निवेदनाला, अर्जाला ठीक आहे. लेखन स्पर्धेला संहितेवर लेखकाचं नावच काय, कसलीही खूण नको असते. नाव वेगळ्या बंद पाकिटात. तिथे नागपूरचा नंबर छापून गेला की आपण कोण ते अर्धं कळलंच. भाऊंना सांगा, “स्पर्धेची प्रत, शिक्का नको.” ते हो म्हणतील. तरी शेवटचं पान पाहूनच पैसे द्या.

तिसरी तक्रार वेळेची, आणि यात चूक त्यांची कमी, शहराची जास्त. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की या दुकानात नाटकवाल्यानं पाऊल ठेवू नये. यशवंत स्टेडियम हाकेच्या अंतरावर. मोर्चे तिथून निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडतात, आणि प्रत्येक मोर्चाला निवेदन लागतं, टाइप केलेलं, सात-आठ प्रतींत. सकाळी नऊपासून गल्लीत टोप्या आणि झेंडे. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या तालमी रंगात येतात, आणि नटांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना अधिवेशनाची ड्युटी लागलेली असते. नायक विधानभवनाच्या दारावर पास तपासतोय आणि नायिकेचा बाप पत्रकार उतरतात त्या सुयोगच्या बंदोबस्तात, अशी तालीम मी केली आहे.

मागच्या वर्षी मी शहाणपणा न करता अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात सात प्रती करायला टाकल्या. संध्याकाळी वाचन होतं. भाऊंनी गर्दीतून वरच्या वर पिशवी दिली, मी स्कूटरला अडकवली, सरळ दिवाणखान्यात. दुसऱ्या अंकात धाकटा भाऊ बहिणीला समजावतो तिथे, पान ४६ संपलं, वाचणाऱ्या मुलानं पान उलटलं, आणि आवाजात तीच आर्जव ठेवून वाचलं, “आमच्या प्रमुख मागण्या खालीलप्रमाणे. एक, मानधनात तातडीने वाढ करण्यात यावी.” तो थांबला नाही, गुणी मुलगा आहे, हातात आलेलं वाचायचं एवढंच त्याला ठाऊक. बहिणीचं काम करणारीच्या प्रतीतही तेच पान होतं, तिनं डोळ्यांत पाणी आणून ऐकलं. मागणी क्रमांक चारपर्यंत, म्हणजे सेवानिवृत्तीचे लाभ मिळेपर्यंत, कुणीच काही बोललं नाही. मी उठून सांगेपर्यंत एक ज्येष्ठ म्हणाले, “इथे भाषा अचानक धारदार झाली. हे आवडलं.”

त्या संध्याकाळच्या वहीत मी ते लिहून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी टेलरकडे गेले. मंगळवार होता, गर्दी तशीच. ताईनं ढिगारा उपसला. माझं खरं पान ४७ दुकानात नव्हतंच. म्हणजे ते निवेदनाला टाचून शिष्टमंडळाबरोबर आत गेलं असणार. भाऊ ओशाळले, डोक्यावर हात मारून घेतला. ताई तोंडाला पदर लावून हसत होती. “मॅडम, तुमचं नाटक विधानभवनात पोचलं ना बाप्पा. आता पाहा कोणी उत्तर देते काय.”

बारीकसारीक सांगायचं तर झेरॉक्सचं टोनर महिन्याअखेरी फिकं पडतं, तेव्हा ३० तारखेच्या मागेपुढे जाऊ नका. कागद ७० जीएसएमचा वापरतात. एकाच बाजूनं छापायचं असल्यामुळे चालतो, पण दिग्दर्शक स्केचपेननं लिहिणारा असेल तर ७५ चा मागा, पाच-दहा रुपये जास्त. गाडी लावायला जागा नाही, मेट्रोनं झाशी राणीला उतरून चालत या. फोन उचलत नाहीत. दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली असतं, ताई आत डबा खात असते. वाकून आवाज दिला तर उत्तर मिळतं, पण देऊ नका. बिल छापील मिळत नाही. ज्यांना मंडळाच्या हिशेबाला पावती लागते त्यांनी लेटरहेड सोबत न्यावं, भाऊ त्याच्यावर सही करून देतात.

कुणी जावं? ज्याचं नाटक अजून ओलं आहे, त्यानं. पक्की झालेली संहिता असेल, नुसती छापून हवी असेल, तर धरमपेठेत याहून चकचकीत आणि लवकर काम होतं, तिथे जा. ज्यांना आपल्या ओळीवर कुणी “काऊन?” विचारलेलं खपत नाही, त्यांनीही तिकडेच. माझ्या ओळखीचे एक तरुण लेखक स्टुलावरून वीस मिनिटांत उठले होते. ताईनं त्यांना विचारलं होतं की हा माणूस दोन प्रवेश बेरोजगार आहे तर याच्या बायकोनं भाजी कशाची आणली. त्यांचं नाटक प्रतीकात्मक होतं.

पाचपैकी चार देते. एक ‘डोळ्यां’साठी कापला. शिक्क्यासाठी अर्धा कापणार होते, पण पिवळ्या कार्डशीटचे तिनं पैसे घेतले नव्हते, ते वळते केले.

आणि जाता जाता एक विनंती. मागच्या डिसेंबरातल्या त्या सात प्रतींपैकी पाच मी परत मिळवून पान बदललं. दोन अजून शहरात फिरत आहेत, बहुधा एक लायटिंगवाल्याकडे आणि एक कुणाच्या तरी गाडीच्या डिक्कीत. संत्र्याच्या बागेचं नाटक आहे, पिवळं मुखपृष्ठ. पान ४७ वर मानधनवाढीची मागणी सापडली तर ती प्रत माझी. टेलरकडे आणून द्या. पान बदलायचे पैसे लागणार नाहीत, मी भाऊंना विचारून ठेवलंय.